उत्तरं हाताशी नसताना

९ जानेवारी

आत्या,

मायना काय लिहावा यात दोन कागद वाया गेले, म्हणून नुसतंच आत्या.

फोन तू उचलत नाहीस. बाबा म्हणाले, "पत्र लिही. माझ्या बहिणीने आजवर रद्दीतला कागदसुद्धा न वाचता टाकलेला नाही, तुझं पत्र काय टाकणार आहे?" म्हणून लिहितेय.

बातमी अशी की मला काम मिळालं. आणि कुठे मिळालं ते ऐक. ज्या साप्ताहिकाचं शेवटचं पान तू लाँड्रीतल्या रद्दीतून वेगळं काढून ठेवायचीस, तिथेच. 'चकवा' या टोपणनावाने गूढ शब्दकोडं येतं ना, त्या पानावर. इतकी वर्षं ते पुढच्या अंकात नुसती उत्तरं छापायचे. आता संपादकबाईंच्या मनात आलं की उत्तर तेच का, हेही सांगावं, नाहीतर लोक वैतागून कोडं सोडून देतात. त्यासाठी माणूस हवं होतं. मी चाचणी दिली आणि निवडली गेले. बारा आठवडे बघतील, जमलं तर कायम. सदराचं नाव 'उकल'.

माझं टेबल जिन्याखाली आहे. वर कुणी चढलं की कागदांवर धूळ पडते. पण टेबल माझं आहे आत्या. त्याला खण आहे, आणि खणाला किल्ली आहे.

तू हसशील, पण मला हे नुसतं नोकरीसारखं वाटत नाही. गूढ कोडं म्हटलं की लोकांना वाटतं, ते चार चष्मेवाल्या विद्वानांचं काम. खरं तर एक गोष्ट कळली की कुणालाही जमतं: सूचनेच्या एका टोकाला शब्दाचा अर्थ असतो, आणि उरलेल्या वाक्यात तो शब्द कसा जुळवायचा त्याची कृती लपवलेली असते. बाकी सगळा देखावा. पहिल्या आठवड्यात मी एवढंच लिहिलं आणि हे उदाहरण दिलं: 'नदी उलटी वाहिली आणि गरीब झाली, दोन अक्षरं.' नदी उलटी लिहा, दीन. दीन म्हणजे गरीब. संपलं. संपादकबाई वाचून म्हणाल्या, "अगं, हे तर माझ्या सासूबाईंनाही कळेल." मी म्हटलं, "त्यांच्यासाठीच लिहिलंय."

घरी सगळं ठीक. आईने तुझ्या खाटेवर शिवणाचे गठ्ठे ठेवलेत, तात्पुरते म्हणते. तू इतक्या घाईने गेलीस की नीट निरोपही घेता आला नाही. पण तू आता काम करतेस त्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत मोठी यंत्रं असतात म्हणे, दिवसभर हाताने इस्त्री ओढावी लागत नाही. तुझ्या मनगटाला आराम. म्हणजे झालं ते बरंच झालं.

कळव.

तुझी,
चिमी


२१ जानेवारी

आत्या,

उत्तर आलं नाही. कामात असशील. एका हॉस्पिटलात किती चादरी असतील याचा मी परवा हिशोब मांडायला गेले आणि मध्येच सोडला.

या आठवड्यातली ही सूचना बघ: 'पुरुषाला ग ची बाधा झाली की शहर वसतं, तीन अक्षरं.' तुला शर्टाची कॉलर फिरवायच्या आत सुटली असती. मला जिना उतरताना सुटली. पुरुष म्हणजे नर, त्याच्या पोटात ग, नगर! मी जिन्यातच मोठ्याने हसले. मग हे कुणाला दाखवायचं म्हणून इकडेतिकडे पाहिलं. शिपाईमामा तेवढे होते. त्यांनी विचारलं, "पाय घसरला का?"

उकल लिहिताना सारखी लाँड्री डोळ्यासमोर येते. शाळा सुटली की मी तिथल्या बाकावर येऊन बसायची. इस्त्रीचे कपडे गुंडाळायच्या कागदांच्या थप्पीतून तू ते पान आधीच काढून ठेवलेलं असायचं. कधी अर्धं फाटलेलं, कधी तेलाच्या डागात दोन सूचना बुडालेल्या. आणि उत्तरं कधीच नाहीत. पुढचा अंक कुणाच्या तरी विजारीभोवती गुंडाळून रवाना झालेला असायचा. तुझ्याकडे लिहायलाही कपड्यांवर खुणा करायचं तेच पेन, ज्याची शाई उकळत्या पाण्यातही जात नाही. खोडायची सोय नाही, पडताळायची सोय नाही. म्हणून तुझा तो कायदा: "कारण सांग, मग लिही."

मी रडकुंडीला यायची. "अगं आत्या, बसतोय की शब्द चौकोनात!"

"माझ्या पायात तुझ्या बाबाची चप्पलही बसते," तू म्हणायचीस. "म्हणून ती माझी का?"

मला सुटलेली पहिली सूचना कोणती, आठवतं का? 'का गदगदून आलं? यात लिहिण्याचं साहित्य दडलंय.' मी दुसरीत होते. तू माझं बोट धरून अक्षरांवरून फिरवलंस. का, ग, द. मला वाटलं, वाक्याच्या आत दुसरं घर आहे आणि त्याचं दार फक्त आपल्या दोघींना माहीत आहे.

संपादकबाईंना मी हे सांगितलेलं नाही. तसा विषय निघाला नाही.

परवा बाबांनी विचारलं, "कॉलेजच्या कार्यक्रमाहून परत येताना तुम्ही दोघी मागे राहिल्या होतात. काय बोलणं झालं?" मी म्हटलं, काही नाही, असंच. त्यांनी जास्त ताणलं नाही. दिवसभर मालाची गाडी चालवून आलेला माणूस, जेवून झोपले.

तू त्यांना काही बोलली आहेस का?

चिमी


३ फेब्रुवारी

आत्या,

सोबत छापील पान पाठवतेय. उभे चौदा नक्की वाच.

या वेळी चकवांनी कहर केला होता. सूचना अशी: 'नव उलटलं, मागे दरवळ राहिला; घर मात्र सुटलं, चार अक्षरं.' चकवा कोड्याबरोबर उत्तरांची यादी पाठवतात, ती माझ्या खणात असते. त्या यादीप्रमाणे उत्तर आहे 'सहवास'. उत्तर समोर असूनही मी दीड दिवस डोकं फोडलं. दरवळ म्हणजे वास, एवढं लगेच कळलं. पण सह कुठून आलं? घरी जेवताना घास हातात तसाच राहिला, आई म्हणाली, "गिळ आधी, मग विचार कर."

शेवटी लागलं! 'मागे राहिला' म्हणजे सोबत उरला, आणि सोबत म्हणजे सह. 'नव उलटलं' म्हणजे नवेपणा सरला, कारण नवेपणा सरल्यावरच खरा सहवास सुरू होतो. आणि घर सुटलं तरी सहवासाची आठवण सुटत नाही. मी लिहिलं, 'इथे चकवा नेहमीची कृतीची वाट सोडून काव्याच्या वाटेने गेले आहेत. सोडवणाऱ्यानेही कधीतरी मन थोडं मोकळं ठेवायला हवं.' संपादकबाईंनी ते वाक्य ठळक अक्षरांत छापलं. कार्यालयात दोघांनी येऊन सांगितलं, वा, काय उलगडलंय! खरं सांगते, त्या दिवशी जिन्यावरून पडणारी धूळसुद्धा मला चांगली वाटली.

त्याच पानावर माझ्याबद्दल एक चौकट आहे. ती मी लिहिलेली नाही. 'घरात अक्षरओळख करून देणारंही कुणी नसताना, स्वतःच्या बळावर शिकलेली घरातली पहिली पदवीधर.' कॉलेजच्या वार्षिक अंकात माझं भाषण आलं होतं, त्यातून त्यांनी उचललं. बदला म्हणून सांगणार होते, पण पान छपाईला गेलं होतं.

म्हणजे, मला त्याच्या आदल्या दिवशी दाखवलं होतं. पण गडबड होती.

मनगट कसं आहे?

चिमी


१० फेब्रुवारी

आत्या,

उभे चौदावर सतरा पत्रं आली! शिपाईमामांनी गठ्ठा माझ्या टेबलावर असा ठेवला की जणू ते स्वतःच लिहून आणलेत.

सगळी कौतुकाची. एक पत्र एका निवृत्त नर्सबाईंचं आहे, अक्षर इतकं नेटकं की वाटतं पट्टी ठेवून लिहिलंय. त्या म्हणतात, 'मी वनवास असं उत्तर लिहिलं होतं आणि फार खुशीत होते. तुमची उकल वाचल्यावर कळलं की आपली झेप तेवढीच. वयही झालं. यापुढे कोडं सोडवायच्या फंदात न पडता तुमची उकलच वाचत जाईन.' वनवास कुठून काढलं बाईंनी, देव जाणे. मी त्यांना छान समजुतीचं पत्र पाठवलं, निराश होऊ नका, चुका सगळ्यांच्या होतात, प्रयत्न सोडू नका म्हणून.

संपादकबाई म्हणाल्या की असंच चाललं तर बारा आठवडे थांबायला नको, महिनाअखेरीलाच नेमणुकीचं कायमचं पत्र देते. आईने मला जवळ घेतलं आणि लगेच म्हणाली, "हे आत्याला कळव." बाबांनी दाराबाहेर जाऊन गाडीची काच पुसली, जी स्वच्छच होती.

कळवतेय.

चिमी


१३ फेब्रुवारी

आत्या,

तुझा लिफाफा आला. माझ्या हातात द्यायच्या आधी आईने तो दोनदा उलटापालटा केला, आत किती मजकूर आहे ते वजनावरून कळेल अशा बेताने.

आत माझंच पान. उभे चौदाच्या शेजारी, तुझ्या त्या न जाणाऱ्या शाईत, एकच शब्द. 'कारण?'

पाच महिने झाले तुला जाऊन. पाच महिन्यांत तुला मला विचारावंसं वाटलं ते एवढंच? जेवतेस का नाही, रडतेस का नाही, काम झेपतंय का नाही?

आणि कारण दिलेलं आहे. दोन परिच्छेद आहेत. ठळक छापलंय. तू लाँड्रीच्या हिशोबाने वाचतेस, एका कपड्याला एकच खूण. पण भाषा म्हणजे काही धुवायला आलेले कपडे नव्हेत. तिच्यात सूचकता असते, छटा असतात. मी तीन वर्षं हेच शिकले आहे आत्या, आणि चांगल्या गुणांनी शिकले आहे. सतरा लोकांना कळलं ते तुला कळू नये, याचं मला नवल वाटतं.

आई म्हणतेय, रागात लिहिलेलं पत्र एक रात्र राहू दे. मी आत्ताच टाकून येतेय.

चिमी


१६ फेब्रुवारी

आत्या,

माझं परवाचं पत्र तुला मिळालं असेल. आईचं ऐकायला हवं होतं.

त्याच दिवशी दुपारी मी चकवांची यादी खणात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली शिपाईमामांना दिली. म्हटलं, तासाभराने मागितली तरी देऊ नका. मग कोऱ्या कागदावर ती सूचना लिहिली. दुसरं काही नाही. उत्तर मला ठाऊकच नाही असं धरून बसले.

नव उलटलं. म्हणजे नव उलटं लिहायचं. वन. दरवळ म्हणजे वास. घर सुटलं, तो अर्थ.

वनवास.

मिनिटसुद्धा लागलं नाही. पहिल्याच आठवड्यात नदी उलटी करून दाखवणारी मी, मला नव उलटं करावंसं वाटलं नाही. गरजच पडली नाही ना! उत्तर हातात होतं. त्याला फक्त चांगले कपडे चढवायचे होते, ते मी चढवले. आडवे शब्द जिथे छेदतात ती शेवटची दोन अक्षरं दोन्ही शब्दांत तीच, त्यामुळे तेही बिनतक्रार बसले.

तशीच उठून चकवांकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. जन्मभर गाड्यांची वेळापत्रकं तयार केली, आता कोडी करतात. भिंगातून माझ्याकडे आणि मग पानाकडे पाहिलं.

"वनवासच," म्हणाले. "आधी सहवास होतं. पोस्टाच्या खिडकीपाशी उभा असताना आठवलं की सहवास दोन महिन्यांपूर्वीच येऊन गेलाय. तिथल्या तिथे शब्द बदलला, नवी सूचना लिहिली. यादी मात्र लिफाफ्याच्या तळाशी राहिली, जुनीच."

"मग तुम्ही कळवलं का नाही? छापून आल्यावर तुम्ही वाचलं असेल ना?"

"वाचलं ना. चारदा वाचलं." ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. "बाळ, तू त्या सहवासाचं जे काही केलंस ना, ते साफ खोटं आहे. पण इतकं सुंदर खोटं आहे की मलाच वाटलं, असेल बुवा माझ्या मनात."

मला हसू आलं नाही. मी त्यांना नर्सबाईंचं पत्र दाखवलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं. 

संपादकबाईंना आज सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "कुणाच्या लक्षात आलंय?"

"एकीच्या."

"वाचक?"

"हो."

"तक्रार केलीय?"

"नाही. प्रश्न विचारलाय."

"मग जाऊ दे की गं! उकल लिहिणारीलाच उकललं नाही असं मी सातव्या आठवड्यात छापू? महिनाअखेरीला वरच्यांना तुझं नाव सांगायचंय मला. कोण आहे ही बाई?"

आत्या, मी म्हटलं, "आहेत एक ओळखीच्या." जिन्याखाली येऊन बसल्यावर मला माझ्या जिभेची किळस आली.

आता बाबांना जे सांगितलं नाही ते लिहिते. व्यासपीठावर मी म्हटलं होतं, 'माझ्या घरात मला एक अक्षर शिकवणारं कुणी नव्हतं.' टाळ्या पडल्या. तू चौथ्या रांगेत होतीस, स्वतःच्या हाताने इस्त्री केलेल्या कपड्यांत, आणि टाळ्या वाजवत होतीस. ते मी पाहिलं. पण खरी गोष्ट त्यानंतरची. परत येताना तू एक शब्द विचारला नव्हतास. मीच सुरू केलं. "आत्या, भाषणात तसं म्हणावं लागतं. शिकवणारं म्हणजे रीतसर शिकवणारं, त्या अर्थाने. तू सवय लावलीस, गोडी लावलीस, पण शिकवणं ही वेगळी गोष्ट असते. ऐकणाऱ्यांवर परिणाम व्हायला थोडं..." थांब्यापासून आपल्या कोपऱ्यापर्यंत मी समजावत होते. एकामागून एक इतकी छान कारणं सुचत होती मला! तू शेवटी एवढंच म्हणालीस, "बरोबर असेल तुझं."

नर्सबाईंनीही वेगळ्या शब्दांत तेच लिहिलंय, त्यांच्या नेटक्या अक्षरात.

पुढच्या आठवड्यात तू ट्रंक बांधलीस. आम्ही सगळे म्हणालो, मनगटासाठी चाललीय.

चिमी


१९ फेब्रुवारी

आत्या,

सोबत दोन पानांचा मजकूर आहे. येत्या अंकात दुरुस्ती म्हणून द्यायचा विचार आहे. छापायच्या आधी तुला दाखवतेय, कारण त्यात तू आहेस. लाँड्रीचा बाक आहे, फाटकी पानं आहेत, तुझं सातवीपर्यंतचं शिक्षण आहे, आणि उत्तरांची यादी कधीही न पाहता तू कोडी कशी सोडवायचीस ते आहे. माझ्या भाषणातलं वाक्य आहे, ते खोटं होतं हेही आहे. काही लपवलेलं नाही. लिहिताना दोनदा रडले, म्हणजे निदान मनापासून आहे.

संपादकबाईंना अजून दाखवलेलं नाही. दाखवल्यावर कायमच्या पत्राचं काय होईल ते मला माहीत आहे. आईला सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती, तो ओवला आणि म्हणाली, "तू शिकलीस ते यासाठीच ना, की खरं काय ते लिहिता यावं?" बाबा म्हणाले, "तिला विचारल्याशिवाय तिच्याबद्दल छापू नकोस. ती काही तुझ्या कोड्यातला चौकोन नाही."

म्हणून विचारते. नको असेल ते खोड. सगळंच नको असेल तर तसं लिही.

तू 'कारण?' विचारलंस त्याचा मला राग आला होता. आता वाटतं, पाच महिन्यांनी तू माझ्याशी बोललीस, आणि मला तेही वाचता आलं नाही.

चिमी


२८ फेब्रुवारी

आत्या,

तुझा लिफाफा वेळेवर आला. दोन पानांतलं जवळजवळ सगळं काळं. न जाणाऱ्या शाईने, पट्टी न लावता, एकेक ओळ. तीन वाक्यं तेवढी वाचली. आणि समासात तुझा मजकूर, आजवरचा सगळ्यात मोठा: 'माझ्यावर दीड पान. त्या नर्सबाईंवर एक ओळ. माफी नक्की कुणाची मागतेस? मला शोभेला लावू नकोस. आधी विचारलंस ते बरं केलंस.'

मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जशीच्या तशी आहे."

संपादकबाईंसमोर ती तीन वाक्यं ठेवली. 'गेल्या महिन्यातल्या उभे चौदाचं उत्तर वनवास असं आहे. ज्यांनी तसं लिहिलं ते बरोबर होते. चूक माझी होती, आणि मी दिलेली उकल खोटी होती.'

"खोटी कशाला? चुकीची लिही," त्या म्हणाल्या.

"चुकीची असती तर मला ती खरी वाटली असती. मला ती बसवावी लागली होती."

त्यांनी पेन हातात घेतलं, ठेवलं. "आणि यादीत गफलत होती, ते तर लिहिशील? दोष सगळा तुझाच कशाला?"

"यादी वाचकांनी लिहिली नव्हती, बाई. ती माझ्या खणात होती."

"आणि चौकट? तीही काढायची म्हणतेस?"

"त्यातलं पहिलं वाक्य काढा. तेही खरं नाही."

"मग तुझ्यात वेगळं असं उरतं काय गं?" वाईट हेतूने नाही विचारलं त्यांनी, खरंच काळजीने विचारलं. मला उत्तर सुचलं नाही, आणि या वेळी मी ते बनवलंही नाही.

छापलं. अगदी खाली, जाहिरातीच्या वर, बारीक टाइपात, पण तिन्ही वाक्यं आहेत. चौकट गेली. कायमचं पत्र मिळालं नाही. आणखी आठ आठवडे बघू म्हणाल्या, आणि मानेनेच जा म्हणून खुणावलं. पुढच्या कोड्यापासून चकवांची यादी शिपाईमामांच्या कपाटात राहील. सगळं सोडवून, कारणं लिहून झाली की मगच ती माझ्याकडे येईल. चकवांना हे कळल्यावर त्यांनी निरोप धाडला की, आता मला जास्त सांभाळून राहावं लागणार, म्हातारपणी काय हा ताप.

नर्सबाईंना वेगळं पत्र लिहिलं होतं, तेही तीनच वाक्यांचं. त्यांचं उत्तर परवाच आलं. 'मला वाटलंच होतं! यापुढे माझं सगळं लिहून झाल्याशिवाय तुमची उकल उघडायची नाही, असं ठरवलं आहे.' त्या 'च' खाली दोन रेघा आहेत. मी ते पत्र बाबांना दिलं, त्यांनी ते गाडीच्या काचेवर आतून लावलंय. आता सगळा मालवाहू धंदा ते वाचत फिरतोय.

तुझ्या समासात माझ्या भाषणाबद्दल एक अक्षरही नाही. मी तो कागद उजेडासमोर धरूनसुद्धा पाहिला. त्यामुळे तू काय ठरवलंयस ते मला माहीत नाही, आणि कुठून तरी कळेल असंही नाही. मी मला माहीत आहे तेवढं लिहिते. मला वाचायला तू शिकवलंस. मी तीनशे माणसांपुढे नाही म्हटलं. मग रस्त्यात तुला ते पटवून द्यायला गेले, ते त्याहून वाईट. मी चुकले, आत्या.

यापुढे आणखी एक परिच्छेद लिहिला होता. तो कापून टाकला.

रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. मी एकटीच. बाबांनी पत्ता लिहून दिलाय, लाँड्रीच्या मागची दुसरी खोली, बाहेर पाण्याची टाकी. तुझी कामाची पाळी असेल तर टाकीपाशी बसेन. दार उघडलंस तर आत येईन, नाही उघडलंस तर संध्याकाळच्या गाडीने परत जाईन आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

काही समजावून सांगायला येत नाहीये.

तुझी,
चिमी